यीस्टच्या अलीकडे

बिअरचा विषय निघाला की लोक फेसाबद्दल बोलतात, कडवटपणाबद्दल बोलतात, फार तर हॉप्सचं नाव घेतात. धान्याची आठवण कोणाला होत नाही. खरं तर बिअरचा रंग, तिची गोडी, जिभेवरचा भरीवपणा आणि शेवटी अल्कोहोलसुद्धा धान्यातूनच येतं. धान्याला मोड आणायचे, वेळेवर थांबवायचे, वाळवायचे आणि मग त्यातल्या पिठाची साखर करून घ्यायची. एवढं जमलं की निम्म्याहून जास्त काम उरकलं. उरलेलं यीस्ट करतं. महाराष्ट्रात ते काम घरी करून घेणं गुन्हा आहे, म्हणून नाशिकच्या माझ्या स्वयंपाकघरातली बिअर यीस्टच्या अलीकडेच थांबते.

पुढचं सगळं मी शिकले ते लेस्टरला, ताईच्या घरी. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही. दाजींनी सुरुवात केली ती डब्यातल्या माल्टच्या पाकाने. पाक, गरम पाणी, साखर आणि यीस्टची पुडी; २३ लिटरच्या बादलीत ढवळायचं, झाकण लावायचं आणि पंधरा दिवस तिकडे बघायचं नाही. बिअर होते, बरी होते. पण तयार पीठ आणून इडल्या केल्यासारखं आहे ते. दाजी पुढे अख्ख्या धान्याकडे वळले, तेव्हा मला रस वाटू लागला. सुट्टीत गेले की सकाळी त्यांच्या पातेल्याशी थर्मामीटर धरून उभं राहायचं, हे माझं काम.

त्यांचं धान्य सातू, म्हणजे बार्ली. नाशिकला परतल्यावर माझ्या हाती आली ती नागली, म्हणजे नाचणी. इथे पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या डोंगरउतारांवर तीच पिकते. माझ्या सासूबाई हरसूलकडच्या. घरातल्या प्रत्येक बाळासाठी त्यांनी नागलीचं सत्व केलेलं. नागली धुऊन रात्रभर भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची, मधूनमधून पाणी शिंपडायचं. दोनेक दिवसांत दाण्यादाण्याला पांढरे, केसाएवढे मोड येतात. ब्रुअरीतले लोक याला माल्टिंग म्हणतात आणि त्यासाठी मोठाल्या इमारती बांधतात. सासूबाईंना त्याचं काही कौतुक नव्हतं. ‘मोड तर मटकीलाही येतात,’ म्हणाल्या.

फरक पुढे पडतो. सत्वासाठी मोडाची नागली तव्यावर खमंग भाजतात. वास सुरेख येतो, पण मोड येताना दाण्यात तयार झालेलं विकर, ज्याला अमायलेज म्हणतात, ते त्या आचेत मरतं. मला तेच जिवंत हवं असतं. म्हणून माझा वाटा मी भाजायच्या आधीच काढून घेते. फडक्यावर पातळ पसरून वाळवते, मोड तळहातावर चोळून सुपात पाखडते आणि गिरणीवाल्याला बजावते, भरड काढ, पीठ नको. तो दरवेळी विचारतो, कशाला? मी दरवेळी सांगते, आंबिलीला. खोटं नाही ते.

पुस्तकी कृती बार्लीसाठी असते. नागलीला ती जशीच्या तशी लागू होत नाही, आणि शिकण्याची खरी मजा इथेच आहे. नागलीचं पीठ शिजून फुगायला जी उष्णता लागते, तिच्यात विकराचा निभाव लागत नाही. विकर सांभाळावं तर पीठ कच्चं राहतं. मग उपाय असा: भरड कोमट पाण्यात कालवायची, तासभर निवळू द्यायची आणि वरचं पाणी हलक्या हाताने ओतून बाजूला ठेवायचं. विकर त्या पाण्यात उतरलेलं असतं. खाली राहिलेला गोळा आणखी पाणी घालून रटरट शिजवायचा, पळी उभी राहील इतका दाट. तो पासष्ट अंशांच्या आसपास निवला की राखून ठेवलेलं पाणी त्यात परत घालायचं आणि ढवळत राहायचं.

यानंतरची काही मिनिटं मी कोणालाही चुलीपासून हलू देत नाही. पळीला चिकटणारी दाट पेज डोळ्यांदेखत सैल होते. आधी कडेने पाणी सुटतं, मग पळी हलकी लागते आणि थोड्या वेळाने पातेल्यात तपकिरी, वाहतं पाणी उरतं. सुरुवातीला सपक लागणारं हे प्रकरण आता चाखलं तर गोड! वरून साखर घातलेली नसते. बाळाला मोडाच्या नागलीची पेज का द्यायची, याचं उत्तरही याच पातेल्यात आहे. दाट पेज बाळाला गिळवत नाही आणि पाणी घालून पातळ केली तर पोटात अन्न कमी जातं. कच्च्या माल्टचं चिमूटभर पीठ तिच्यात ढवळलं की अन्न तेवढंच राहून ती पातळ होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी लहान मुलांच्या आहारासाठी नेमका याच गोष्टीचा अभ्यास केला.

साखर पुरती झाली का, हे बघायला औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन पुरतं. पांढऱ्या बशीत पातेल्यातला एक थेंब, त्यावर आयोडीनचा एक थेंब. निळंकाळं झालं तर पीठ शिल्लक आहे, पिवळट तपकिरीच राहिलं तर काम झालं. गाळताना पुन्हा अडचण. बार्लीची सालं स्वतःच गाळणी होतात; नागलीला तसली साल नाही, सगळा लगदा फडक्यात बसतो. मी घोटीच्या भातगिरणीतून तूस आणते, उकळून घेते आणि फडक्यावर तिचा थर देते.

गोडी मोजायचं यंत्र मात्र विकत घ्यावं लागलं नाही. दिंडोरीच्या मामेभावाच्या खिशात हंगामभर रिफ्रॅक्टोमीटर असतो. १८ ब्रिक्स लागली की द्राक्षाची तोडणी, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. नेहमीच्या बिअरला १२ पुरते. माझा वर्ट, म्हणजे हे गोड पाणी, त्याने काचेवर टिपून बघितला आणि म्हणाला, ‘आक्का, हा माल अजून आठ दिवस वेलीवर ठेव.’

इथे मी गॅस बंद करते. आलं-लिंबू पिळून त्याच दिवशी पितो, उरलेलं फ्रीजमध्ये, नाहीतर आटवून पाक करतो. भाकरीवर गुळापेक्षा छान लागतो. ओट्यावर ठेवून चालत नाही. हवेतलं यीस्ट कायदा वाचत नाही.

कायदा १९४९ चा, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. त्याचं कलम १२ परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई करतं आणि मद्याच्या व्याख्येत बिअरही येते. गंमत अशी की हे सारं नाशकात घडतं. गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये द्राक्षं लावली आणि त्यातून सुला वायनरी उभी राहिली. २००१ मध्ये सरकारने वाइनसाठी खास धोरण आणलं. डॉ. योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे यांनी इथेच मधाची मीड करणारी सेराना काढली. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीचं डूलाली हे नावसुद्धा आमच्या देवळालीवरून आलेलं. कारखान्याला वाट आहे, हॉटेलला आहे. पाच लिटरच्या पातेल्याला नाही.

सरकारची भीती मला कळते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. पण तो मिथेनॉलचा घात होता. ते मिसळलेली भेसळीची दारू एक गोष्ट आणि धान्याच्या पाण्यात यीस्ट टाकून आंबवलेली बिअर दुसरी. इथे भट्टी नाही, ऊर्ध्वपातन नाही. अमेरिकेने १९७८ मध्ये घरच्या बिअरला मोकळीक दिली ती मर्यादा घालूनच: एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोघं असतील तर घराला २००, आणि विक्री बंद. आपल्याला एवढी नको. उत्पादन शुल्क विभागाने घरापुरत्या, विक्री नसलेल्या, वर्षाला पन्नास लिटर बिअरचा साधा परवाना काढावा, हवी तर फी घ्यावी, हवं तर येऊन पातेलं तपासावं. पहिला अर्ज माझा असेल.