शकुंतला हुकली!

अमरावतीहून अकोल्याला निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलली, आणि मूर्तिजापूर येताच सवयीने खिडकीबाहेर डोकावलो. कापूस वाहण्यासाठी इंग्रजी अमदानीत घातलेली छोटी रेल्वे, आमची शकुंतला, इथूनच अचलपूरला आणि यवतमाळला सुटायची. आता ती धावत नाही. साऱ्या वऱ्हाडाला हे ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त अकोल्याच्या माझ्या मावशीला.

मावशी ऐंशीच्या पुढची. माहेर अचलपूरचे. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितल्याला चार वर्षे झाली. पाया पडलो तर म्हणाली, "कोन्या गावचा होय बाप्पा तू? काऊन एवढा वाळला?" ओळख पुसली, पण अगत्य शाबूत! आणि लगेच, "शकुंतला हुकली त माय वाट पाहीन."

पूर्वी दादा तिला खरे ते सांगत. गाडी बंद झाली, आजी जाऊन चाळीस वर्षे झाली. मावशी ती बातमी दर वेळी नव्याने ऐके आणि नव्याने रडे.

वहिनींनी मग मुलांचे चित्रे रंगवायचे पुस्तक तिच्यापुढे ठेवले. मावशीने ते भिरकावले. "मी काय पोट्टी होय?" बरोबरच होते तिचे! एका सकाळी मात्र वहिनींनी अंगणात सडा घातला आणि रांगोळीचा डबा तिथेच विसरल्या. परत येऊन पाहतात तो मावशी ठिपके मांडीत बसलेली.

या रोगात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग बहुधा आधी खंगतो. हाताला पडलेले जुने वळण त्यामानाने पुष्कळ टिकते. चित्रकलेने आजाऱ्याचे मन सावरते, हा अनुभव इंग्रज चित्रकार एड्रियन हिल याने क्षयाने अंथरुणावर असताना स्वतः घेतला आणि १९४२ साली त्याला 'आर्ट थेरपी' हे नाव दिले. तिच्या जाणत्या उपचारकाचे काम निराळे. वहिनींच्या डब्याला मी उपचार म्हणणार नाही. रोगही त्याने हटत नाही. लंडनचा चित्रकार विल्यम उटरमोलेन १९९५ साली निदान झाल्यावरही काही वर्षे स्वतःचा चेहरा रंगवीत राहिला, आणि तो चेहरा चित्रागणिक विरत गेला. मावशीचेही तेच. मागच्या दिवाळीत अकरा ठिपके होते, यंदा पाच.

तरी त्या तासाभरात ती पिशवी भरीत नाही, दाराची कडी ओढीत नाही. आपण होऊन माहेरच्या तुळशीवृंदावनाचे सांगते.

मी बसलो होतो तेव्हा एक रेघ भलत्याच ठिपक्याकडे वळली. दादांचा हात पुढे झाला. वहिनींनी तो हळूच मागे ओढला.

"शकुंतला आली काय रे?" मावशीने मान वर न करता विचारले.

दादा क्षणभर घुटमळले. "यायची हाय, माय. आज उशीर हाय तिले."

"मंग होऊ दे उशीर," मावशी म्हणाली, "माही रांगोळी बाकी हाय."