भिवापूरची लाल मिरची

नागपूरहून उमरेड ओलांडले की भिवापूर येते. भौगोलिक मानांकन मिळालेली भिवापुरी मिरची इथलीच. हंगामात सातऱ्यावर लाल ढीग पडतात आणि बाया दिवसभर देठ खुडत बसतात. माझी आईही बसायची. हातांची आग व्हायची, म्हणून घरी आल्यावर ती आमच्या डोळ्यांना हात लावत नसे. त्याच मजुरीतून आमची वह्यापुस्तके आली.

रात्री चटणी-भाकर. आठ मिरच्या कोमट पाण्यात भिजवायच्या. सहा पाकळ्या लसूण, जिरे, मीठ घालून पाट्यावर वाटायच्या. वर जवसाचे कच्चे तेल. दीक्षाभूमीला जातानाही शिदोरीत हेच असे.

भगिनींनो, चटणी जरूर करा. मात्र मिरचीचा भाव विचारताना ती खुडणाऱ्या हातांची मजुरीही विचारा.