चूक पोरीची की फॉर्मची?

दर रविवारी सकाळी वंदना झाली की अचलपूरच्या आमच्या विहारात आम्ही शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला बसतो. चांदूर बाजार, अंजनगाव, परतवाडा इकडून पोरं-पोरी येतात. कुणाजवळ उत्पन्नाचा दाखला नसतो, कुणाचं आधार बँकेशी जोडलेलं नसतं. मागच्या वर्षी एका मुलीचा अर्ज बाद झाला. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची पोरगी, बाप मजुरीला जातो. तिला वाटलं होतं की फॉर्म गेला. प्रत्यक्षात तो 'मसुदा' म्हणून पडून राहिला आणि मुदत संपली. आम्ही तिला सर्वांसमोर रागावलो. "वाचता येत नाही का? इतकं शिकून काय फायदा?" असं म्हणालो. ती एवढंच बोलली, "दादा, मी तं बराबर भरलं होतं. हिरवी खूण आली होती ना."

त्या हिरव्या खुणेकडे आम्ही लक्षच दिलं नाही.

दिवाळीत आमच्याच वस्तीतला एक मुलगा पुण्याहून आला. तो एका कंपनीत प्रॉडक्ट डिझायनर आहे. घरच्यांना वाटतं तो चित्रं काढतो. खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटायचं. पोरांशी दोन शब्द बोल म्हणून आम्ही त्याला विहारात बोलावलं. भाषणाऐवजी त्यानं एका मुलाला मोबाइलवर फॉर्म भरायला बसवलं आणि स्वतः शेजारी वही घेऊन बसला. मुलगा अडला की आम्ही पुढं सरकायचो आणि तो आमचा हात धरायचा. "दादा, सांगू नका. बघा फक्त."

चाळीस मिनिटं आम्ही नुसतं बघत होतो. कार्यकर्त्याला यापेक्षा अवघड काम नाही. मुलाला ओटीपी आला, पण तो बापाच्या मोबाइलवर, आणि बाप शेतात. मग देवनागरीत नाव लिहायचा रकाना आला. नावात जोडाक्षर होतं, ते उमटेना. शेवटी 'जतन' आणि 'सादर' ही दोन बटणं आली. जतनचं बटण मोठं, निळं. ते दाबलं की हिरवी खूण येते. सादरचं बटण खाली, करड्या रंगाचं, बोटानं पान वर सरकवल्याशिवाय न दिसणारं. मुलगा हिरवी खूण बघून हसला आणि म्हणाला, "झालं."

आमचा चेहरा उतरला. ती पोरगी आठवली.

त्या मुलानं मग नोकरी सांभाळून, रात्री जागून, एक सरावाचा फॉर्म केला. तो कुठंही जात नाही, नुसता शिकण्यासाठी आहे. पुढच्या दोन रविवारी आमच्या अकरा पोरांनी तो भरला. जुन्या मांडणीत आठ जण त्याच दोन बटणांशी चुकले. मांडणी बदलल्यावर एकच चुकला. पोरं तीच होती.

अमेरिकेतल्या डॉन नॉर्मन यांनी 1988 सालच्या पुस्तकात हेच मांडलं आहे. दार ढकलायचं की ओढायचं हे माणसाला कळत नसेल, तर दोष दाराच्या घडणीचा. आपल्याकडे मात्र दार उघडलं नाही की माणसाचीच जात आणि अक्कल काढली जाते. लाज वाटते सांगायला, पण ते काम आम्हीही केलं.

काही सहकारी म्हणतात, हे शहरी चोचले आहेत, चळवळीचा याच्याशी काय संबंध? त्यांना आम्ही 1951-52 च्या निवडणुकीकडे बघायला सांगतो. बाबासाहेबांनी 1928 साली सायमन कमिशनपुढं प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हा अडाणी माणूस मत कसं देणार, ही शंका काढणारे पुष्कळ होते. पहिल्या निवडणुकीनं तिला उत्तर दिलं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती ओळखायला अक्षरं लागत नव्हती. माणसं आधी साक्षर करा, मग मत द्या, असं कुणी म्हणत बसलं नाही. पद्धत माणसाच्या मापाची केली.

पण त्याच निवडणुकीत दुसरी गोष्टही घडली. मुंबई शहर उत्तर हा दोन जागांचा मतदारसंघ होता. मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकालाच दिली तर एक बाद. तिथं 74,333 मतं बाद झाली आणि बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजारांनी पडले. मतं वाया घालवण्याचा प्रचार झाला, हा बाबासाहेबांचा आरोप आणि त्यांची निवडणूक याचिका आपल्याला माहीत आहे. आमचं म्हणणं त्याला जोडून आहे. मत वाया घालवणं इतकं सोपं ठेवणारी ती पद्धतही तपासली पाहिजे. दोन जागांचे मतदारसंघ 1961 साली बंद झाले.

चांगलं काम आपल्या भाषेत झालेलंच नाही असंही नाही. मुंबईच्या आयआयटीत 1969 पासून औद्योगिक डिझाइनचं केंद्र आहे. तिथल्या अनिरुद्ध जोशी यांच्या चमूनं 'स्वरचक्र' हा मोबाइलचा कळफलक केला. अक्षरं वर्णमालेच्या क्रमानं, आणि 'क' दाबला की भोवती का, कि, की असं चक्र उघडतं. आता आम्ही तो पोरांच्या मोबाइलमध्ये आधीच टाकून देतो. पहिलीत बाराखडी म्हटलेल्या कुणालाही तो जमतो.

आपली पोरं मात्र डी.एड., बी.एड., पोलीस भरती आणि एमपीएससी यांपलीकडं बघत नाहीत, आणि दोष त्यांचा नाही, आम्हीच दुसरं काही सांगितलं नाही. बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी यूसीईईडी ही परीक्षा आहे, अहमदाबादच्या एनआयडीची वेगळी आहे, दोन्हीकडं राखीव जागा आहेत. फॉर्म कुणी आखायचा हे ठरतं त्या खोलीत आपलं माणूस बसलेलं नाही. खासगी कंपनीत तर आरक्षणही नाही. मग करडं बटण कुणाला दिसत नाही, हे तिथं कोण सांगणार?

त्या पोरीच्या घरी आम्ही जाऊन आलो. माफी मागितली. तिच्या आईनं चहा केला. ती म्हणाली, "दादा, वर्ष तं गेलंच ना." यंदा तिनं स्वतः फॉर्म भरला आणि सादर झाल्याची पावती छापून आणली. आता रविवारी ती आमच्या शेजारी बसते. नवं पोरगं अडलं, आम्ही बोलायला तोंड उघडलं, की ती आमच्याकडं बघते आणि आम्ही गप्प बसतो.