कर्लीच्या मुखापर्यंत : लेखांक दुसरा

आंबोली, सोमवार

समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवरील या गावी येणाऱ्या प्रवाशाचे चित्त घाटातील धबधब्यांतच गुंतते. मला मात्र हिरण्यकेशीच्या गुहेतून निघणाऱ्या पाण्याचे नवल अधिक वाटले, कारण अरबी समुद्र सरळ रेषेत चाळीसएक किलोमीटरवर असताही ते त्याच्याकडे पाठ फिरवून आजरा-गडहिंग्लजच्या वाटेने घटप्रभेस आणि तिच्यासह कृष्णेस मिळते व अखेर बंगालच्या उपसागरात जाते. त्याच ढगातून कड्याच्या पलीकडे पडलेले थेंब सावंतवाडीच्या मुलखातून पश्चिम समुद्र गाठतात. या दोन पाण्यांमधली हद्द कोणा मोजणीदाराने आखलेली नाही, आणि ती स्थिरही नाही. पूर्वेचा उतार मंद व पश्चिमेचा जवळजवळ उभा असल्याने पश्चिमवाहिनी ओढे कातळाचा पायथा पोखरतात, वरचा कडा निराधार होऊन ढासळतो आणि ओढ्याचा उगम कणाकणाने पूर्वेकडे सरकतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा कडा एके काळी किनाऱ्याच्या बराच निकट होता व झिजत झिजत येथवर हटला, असे भूशास्त्रज्ञ मानतात.

कुडाळ, मंगळवार

भंगसाळीच्या पात्रात घाटाखालून आलेले गोटे पाहिले. उतार सरला की नदीचा जोर सरतो. जड ओझे ती आधी टाकते, वाळू पुढे नेते, गाळ त्याहून पुढे. बाकी दिवस एस.टी.च्या फलाटावरच गेला.

नेरूरपार, बुधवार

भंगसाळ येथे कर्ली या नावाने वाहते, परंतु पुलावरून पाहता ही नदी की समुद्राचा हात, याचा निर्णय करणे कठीण. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, सागराची पातळी आजच्याहून सव्वाशे मीटरांच्या आसपास खाली होती. तेव्हा कोकणच्या नद्या आजच्या किनाऱ्याच्या पुष्कळ पुढे जाऊन समुद्राला मिळत. हिम वितळून पाणी चढले आणि त्यांची खोरी मुखाकडून बुडाली. आपल्या खाड्या म्हणजे ही बुडालेली खोरी होत. तेव्हापासून नदी ती गाळाने भरून काढीत आहे.

देवबाग, गुरुवार

समुद्र हाकेच्या अंतरावर आला असताही कर्ली तारकर्लीपाशी त्यास मिळत नाही. दक्षिणेकडे वळून ती किनाऱ्यास समांतर वाहते, आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर माडांसह अवघे देवबाग वसले आहे. पश्चिमेस दर्या, पूर्वेस नदी. नदीने आणलेली रेती लाटा किनाऱ्याकिनाऱ्याने ढकलतात, तिचा दांडा मुखाआड वाढत जातो व नदीला वाट शोधीत पुढे सरकावे लागते; पावसाळ्यातील पूर आणि उधाण मग तोच दांडा फोडून पुन्हा मांडतात. होडी वल्हविणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी मुखातील वाळूकडे बोट दाखवून सांगितले, "भाऊनू, आमच्या ल्हानपणी हो दांडो थंय होतो, आता हंय इलो." पलीकडचे भोगवे वेंगुर्ले तालुक्यात, अलीकडचे देवबाग मालवणात, मधल्या वाळूचा सातबारा कोणत्या तलाठ्याने लिहावा, हा प्रश्न मी त्यांना विचारला, तेव्हा ते नुसते हसले.

तळाशील, शनिवार

गड नदीची तऱ्हा अगदी कर्लीसारखी आहे. तोंडवळीचा दांडा तिला दक्षिणेकडे ढकलीत सर्जेकोटासमोर आणून सोडतो. दोन्ही दांड्यांची टोके एकाच दिशेस, यावरून येथील वाळूचा प्रवास मुख्यतः कोणीकडे चालतो याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. धुपीवर उपाय म्हणून रचलेल्या दगडी बंधाऱ्याची निंदा मी करणार नाही. ज्याचे घर लाटांच्या तोंडी आहे त्याला दगड हवाच. मात्र बंधारा वाळू निर्माण करीत नाही. ती घाटावरूनच यावयाची, आणि खाडीतील रेती उपसून बांधकामाला नेली तर दांड्याला पोसणारी रेती तेवढी कमीच होते. हा हिशेब बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकात धरलेला असावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. उद्या आचऱ्यामार्गे देवगडकडे निघावयाचे आहे.