पातूरची पाटी आणि अब्बांचा दाखला

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझी भाची एका मार्गदर्शन शिबिराहून घरी आली आणि न जेवताच झोपली. रात्री भावाचा फोन आला, "आपा, तुम्हीच विचारा तिला. माझ्याशी तर बोलतच नाही."

भाची राज्यसेवेची तयारी करते. दोन वेळा पूर्वपरीक्षेत राहिली. भावाचं शिलाईचं दुकान आहे आणि तिच्या पाठची दोन मुलं अजून शिकतात. त्याने सांगून टाकलं होतं, आता बस झालं, चांगलं स्थळ आलंय. तेव्हा मध्ये पडून तिच्यासाठी एक वर्ष मागून घेतलं ते मी. त्यामुळे तिचं उपाशी झोपणं मलाच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले. तिने हळूहळू सांगितलं. शिबिरात एक निवृत्त अधिकारी आले होते आणि एकेकाला उभं करून विचारत होते. हिला विचारलं, "कुठल्या माध्यमातून शिकलात?" ही म्हणाली, दहावीपर्यंत उर्दू. "मग पातूरच्या पाटीचा निकाल माहीत असेल." हिला तो तोंडपाठ होता. १५ एप्रिल २०२५, सर्वोच्च न्यायालय, न्यायमूर्ती सुधांशु धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन, पातूर नगर परिषद, जिल्हा अकोला, पाटीवर मराठीखाली उर्दू ठेवायला हरकत नाही. एका दमात म्हणून टाकलं. साहेब म्हणाले, "छान. आता सांगा, हरकत घेणाऱ्यांचा आधार कोणता होता? आणि तुम्ही पहिलीत उर्दूत शिकलात, मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची तरतूद घटनेत कुठे आहे?" ही गप्प. साहेब रागावले नाहीत. "बेटा, वाचलंय भरपूर, पण मागचं काही बघितलं नाही," एवढं म्हणून पुढच्या मुलाकडे वळले.

"फुफी, तुम्हीच सांगा, कुठे आहे ती तरतूद?"

मला येत नव्हतं. वीस वर्षं मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते, माझा पगार ज्या तरतुदीच्या सावलीत निघतो तिचा क्रमांक मला सांगता आला नाही. निकाल लागला त्या दिवशी मी नातेवाइकांच्या आणि शाळेच्या सगळ्या ग्रुपवर मुबारकबाद पाठवली होती. निकालपत्र मात्र उघडलं नव्हतं. शिवाय चालू घडामोडींची ती चकचकीत मासिकं तिला आणून देणारीही मीच. 'पाठ कर, गुण मिळतील,' हे वर्गात जसं सांगते तसंच तिलाही सांगत आले होते.

त्या रविवारी आम्ही दोघी जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसलो. आयोग तारीख विचारत नाही असं नाही, पण जास्त प्रश्न 'खालील विधाने विचारात घ्या' अशा थाटाचे असतात. दोन-तीन विधानं, आणि त्यांतली बरोबर कोणती ते ओळखायचं. बातमी आठवते पण तिचा पाया माहीत नाही, अशा मुलाला तिन्ही विधानं खरी वाटतात. मग तो अंदाज करतो, आणि चुकीच्या उत्तराला राज्यसेवेत पाव आणि केंद्राच्या परीक्षेत एक तृतीयांश गुण कापले जातात. भाची दोन्ही वेळा थोडक्यात राहिली होती. ती अशा अंदाजांवरच राहिली असणार, असं माझं मत झालं. आता तर राज्यसेवेची मुख्य परीक्षाही केंद्रासारखी वर्णनात्मक झाली आहे. तिथे पर्याय समोर नसतात, कोरं पान असतं.

मग पातूरचं निकालपत्र काढलं. इंग्रजीत आहे. शब्दकोश मध्ये ठेवून तीन रविवार वाचलं. मी आणि माझ्यासारख्यांनी ग्रुपवर फिरवली होती ती त्यातली दोन-चार गोड वाक्यंच. भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच मातीत जन्मली, हे न्यायालयाने म्हटलं आहे, आणि ते वाचून डोळे भरून येतात हेही खरं. पण परीक्षेला बसणाऱ्याने डोळे पुसून पुढे वाचायला हवं. स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेबाबत महाराष्ट्राने २०२२ मध्ये कायदा केला. नगर परिषदेचं कामकाज मराठीत झालं पाहिजे असं तो सांगतो. हरकत घेणाऱ्यांचं म्हणणं होतं की मग दुसरी भाषा पाटीवर चालणारच नाही. न्यायालय म्हणालं, मराठी आवश्यक आहे, पण तिच्या जोडीला दुसरी भाषा लिहायला हा कायदा मनाई करत नाही. निकाल उभा आहे तो या बारीक फरकावर. मराठीची जागा त्याने कुठेही कमी केलेली नाही. आपल्यातही कुणी 'उर्दू जिंकली' म्हणत फिरत असेल तर त्याने निकाल वाचलेला नाही. मीही म्हणत होतेच.

दुसरी गोष्ट भाचीने पकडली. हे प्रकरण आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं होतं आणि त्यांनी हरकत घेणाऱ्यांच्या बाजूने आदेश दिला. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी तो रद्द केला. मग उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, मग दिल्ली. ती म्हणाली, "फुफी, म्हणजे अशी फाइल माझ्याच टेबलावर येऊ शकते." उपजिल्हाधिकारी व्हायचं तिच्या मनात आहे. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिने परीक्षेच्या पलीकडची गोष्ट बोलली.

आम्ही एक जाड रजिस्टर केलं. डाव्या पानावर बातमी दोन ओळींत, उजव्या पानावर तिची मुळं. पातूरचं उजवं पान पुरलं नाही, कागद चिकटवावे लागले. आठवी अनुसूची, घटना लागू झाली तेव्हा तिच्यात १४ भाषा होत्या, मराठी आणि उर्दू दोन्ही पहिल्यापासून. पुढे सिंधी, मग कोकणी, मणिपुरी, नेपाळी, मग बोडो, डोगरी, मैथिली, संथाळी, आता २२. अनुच्छेद २९, आपली भाषा आणि लिपी जपण्याचा हक्क. अनुच्छेद ३४५, राज्याने आपली राजभाषा ठरवण्याचा अधिकार. आणि तो साहेबांचा प्रश्न: अनुच्छेद ३५०-क. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं यासाठी राज्याने सोय करण्याचा प्रयत्न करावा. मूळ घटनेत हा नव्हता. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला.

१९५६ का, हे शोधताना मला शिक्षिका म्हणून सगळ्यात जास्त मजा आली. १९५३ मध्ये न्यायमूर्ती फजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे दोघे सदस्य. राज्यं भाषेच्या पायावर नव्याने आखली जाणार, म्हणजे रेषा कुठेही काढली तरी काही लोक दुसऱ्या भाषेच्या राज्यात राहणार. बेळगावातला मराठी माणूस आणि अकोल्यातला उर्दू बोलणारा, दोघांच्याही मुलांची काळजी घ्यायची तर काही तरतूद हवी. ३५०-क ती तरतूद. तोपर्यंत मी हा अनुच्छेद 'आपल्या लोकांचा' समजत होते. आणि पातूर नगर परिषदेने आपल्या ठरावात म्हटलं होतं की तिच्याकडे उर्दूचा वापर १९५६ पासून आहे. तेच साल. भाचीने रजिस्टरमध्ये त्याला लाल पेनने गोल केला.

पातूरच्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, १६ एप्रिलला, पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय आला. त्यावर किती गदारोळ झाला आणि २९ जूनला तो मागे कसा घेतला गेला, हे सगळ्यांना आठवतंय. भाचीच्या मासिकात या दोन बातम्या वेगवेगळ्या पानांवर होत्या, एक 'न्यायालय' सदरात आणि एक 'शिक्षण' सदरात. आमच्या रजिस्टरमध्ये दोन्ही एकाच मुळावर आल्या. त्रिभाषा सूत्र, कोठारी आयोग, १९६८ चं शैक्षणिक धोरण, मग २०२० चं. आमच्या उर्दू शाळांत उर्दू, मराठी, इंग्रजी अशा तीन भाषा आधीपासूनच आहेत, त्यामुळे तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही 'हा आपला विषय नाही' म्हणून चहा पीत बसलो होतो. असो.

आता मोहल्ल्यातली आणखी चार मुलं रविवारी येतात. एकाने किल्ल्यांची बातमी आणली होती, जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेले १२ किल्ले. नावं त्याला पाठ होती, पण जिंजी तमिळनाडूत असून मराठ्यांच्या यादीत कसा, हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. राजाराम महाराजांचा तिथला मुक्काम आणि मुघलांचा वेढा शोधायला त्याला आठवडा दिला.

भाऊ या सगळ्यापासून लांबच होता. मागच्या महिन्यात मुलीला न्यायला आला आणि पाऊस लागला म्हणून बसून राहिला. भाची नकाशा काढून सांगत होती, वऱ्हाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात नव्हतंच, तेव्हाच्या मध्यप्रदेशात होतं आणि त्याची राजधानी नागपूर. फजल अली आयोगाने तर विदर्भ वेगळं राज्य करा असंच सुचवलं होतं, पण १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

भाऊ मध्येच म्हणाला, "थांब. अब्बांच्या दाखल्यावर मध्यप्रदेश लिहिलंय."

मलाही आठवलं. अब्बांचा उर्दू प्राथमिक शाळेचा चौथीचा दाखला, १९५५ चा. भाचीच्या जात पडताळणीसाठी १९६७ च्या आधीचा कागद हवा होता, तेव्हा पेटीतून काढला होता. खाली जिल्हा अकोला, राज्य मध्यप्रदेश. आम्ही दोघं बहीण-भाऊ इतकी वर्षं ती छपाईची चूक समजत होतो. पडताळणीत त्यावरून अर्ज अडकेल अशी भावाला धास्तीही वाटली होती.

तो पावसातच घरी गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीत दाखला घेऊन परत आला. मुलांनी तो हातोहात पाहिला. भाचीने झेरॉक्स काढून रजिस्टरच्या उजव्या पानावर चिकटवली आहे. स्थळाचा विषय भावाने त्या दिवशी काढला नाही. जाताना विचारलं, "पुढच्या रविवारी काय आहे?"