गॅलरी कोणाच्या हिशेबात?

गिरगावातल्या चाळकऱ्याला घर केवढं आहे असं विचारलं, तर तो खोलीचं माप सांगतो. दहा बाय बारा, फार तर दहा बाय पंधरा. गॅलरी त्यात येत नाही. धुणं तिथे वाळतं, पापड-कुरडया तिथे पडतात, घरातली म्हातारी माणसं दुपारभर तिथे बसतात, दहावीची पोरं तिथल्या दिव्याखाली अभ्यास करतात आणि वैशाखात निम्म्या घराची अंथरुणंही तिथेच पडतात. तरी भाडेपावतीत तिचं नाव नसतं आणि पागडीच्या बोलण्यात ती फक्त जायची-यायची वाट असते. चाळीतही राहिलो आणि पुढे फ्लॅटमध्येही, त्यातून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. मुंबईत गॅलऱ्यांचं पुढे जे काही झालं, त्याचं मूळ या मापात आहे. आधी पावसासाठी पत्रा, मग चोरासाठी ग्रिल, मग धुळीसाठी स्लायडिंगच्या काचा, शेवटी मधली भिंत काढून 'हॉल मोठा केला'. याला लोकांची हाव म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ज्या शहरात चौरस फुटाला किंमत आहे आणि चौरस फूट फक्त बंद जागेचेच धरले जातात, तिथे माणूस उघडी जागा बंदच करणार. माझं म्हणणं असं की या व्यवहारात घर वाढत नाही, घटतं. गॅलरीला छप्पर असावं, जाळी असावी, पण भिंत नसावी. आणि चाळींचा पुनर्विकास होताना या जाळीबंद गॅलरीचं माप करारात वेगळं लिहून घ्यावं.

आधी हवेचं बघू. मुंबईत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वारा येतो नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून. पाऊस त्याच बाजूने झोडपतो आणि दुपारनंतरचं ऊनही तिकडूनच येतं. म्हणजे ज्या बाजूला खिडकी उघडी हवी, त्याच बाजूची खिडकी लावून घ्यावी लागते. हा पेच कोकणातल्या घरांनी पडवीने सोडवला. पावसाळ्यात पडवीच्या कडेला विणलेले झाप बांधायचे आणि आतला दरवाजा उघडा ठेवायचा. गिरगावातल्या खोताच्या वाडीत जुनी ईस्ट इंडियन घरं आजही उभी आहेत. त्यांच्या लाकडी व्हरांड्यांचं आणि पुढे आलेल्या छपरांचं कामही तेच. आता हे बैठ्या घरांपुरतं ठीक, उंच इमारतीत कसं जमायचं, असं कोणी म्हणेल. त्याला उत्तर पेडर रोडवर उभं आहे. चार्ल्स कोरिया यांची 'कांचनजंगा' १९८३मध्ये पूर्ण झाली. तिच्या कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या ज्या गच्च्या कोरलेल्या दिसतात, त्यांच्यामागे जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याचा विचार आहे. ऊन आणि पाऊस गच्चीने झेलायचा, खोलीत फक्त वारा जाऊ द्यायचा. ती श्रीमंतांची इमारत आहे हे मान्य. पण वारा उत्पन्न बघून वाहत नाही, आणि लालबागच्या चाळीतल्या खोलीला जी चार फुटांची गॅलरी होती, ती हेच काम फुकटात करत होती.

गॅलरी बंद झाली की काय होतं, हे कुठल्याही जुन्या इमारतीत दुपारी दोन वाजता कळतं. स्लायडिंगच्या दोन काचांपैकी एका वेळी एकच सरकते, म्हणजे निम्मं तोंड कायमचं बंद. काचेतून आत आलेलं ऊन आतच मुरतं. पूर्वी खोलीची भिंत सावलीत असायची, आता तापलेली काच हीच भिंत. मूळ खोली आणखी मागे ढकलली जाते आणि तिथे दिवसाही ट्यूबलाइट लागते. मग एसी येतो आणि त्याचं बाहेरचं यंत्र उरल्यासुरल्या कठड्यावर टांगलं जातं. तीस-चाळीस चौरस फूट मिळाले म्हणायचे आणि त्यांच्या पायी आतल्या दीडशे फुटांची हवा आणि उजेड घालवायचा, याला मी वाढ म्हणायला तयार नाही.

दुसरा मुद्दा वजनाचा. त्याबद्दल चाळीत कोणी बोलत नाही आणि फ्लॅटवालेही नाहीत. गॅलरी ही बहुतेक इमारतींत भिंतीतून बाहेर काढलेली असते, बाहेरच्या टोकाला आधार नसतो. जुन्या चाळींत सागाचे वासे पुढे काढून त्यावर फळ्या आणि लादी. नंतरच्या इमारतींत काँक्रीटचा स्लॅब. भारतीय मानकांप्रमाणे घरगुती बाल्कनीच्या बाहेरच्या कडेवर दर मीटरला साधारण दीडशे किलोचा भार धरतात. आता लोखंडी कठडा काढून तिथे साडेचार इंची विटांची तीन फूट भिंत बांधली, तर प्लास्टर धरून मीटरला दोनशे किलोच्या वर वजन होतं. काचा, ग्रिल आणि आत ठेवलेलं कपाट वेगळं. शिवाय तेच वजन सगळ्या गॅलरीवर पसरलेलं असेल, तर मुळाशी जो ताण येतो, त्याच्या दुप्पट ताण ते टोकाला ठेवल्यावर येतो. पाण्याने कुजलेल्या वाशांवर किंवा गंजलेल्या सळयांवर हा भार किती वर्षं चालेल, याचं उत्तर दक्षिण मुंबईतल्या गॅलऱ्यांखाली लावलेले टेकू देतात. जाळीची ॲल्युमिनियमची चौकट या भिंतीपुढे वजनात काहीच नाही.

मग बंद करण्याकडे सगळ्यांचा ओढा का? इथे मला सरकारी मोजपट्टीचा इतिहास महत्त्वाचा वाटतो. खासगी मालकांनी गिरगावात बांधलेल्या चाळींना उघडी गॅलरी मिळाली; १९२०मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे बीडीडीने, वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला चाळी बांधल्या, त्यांत मधोमध पॅसेज आणि दोन्ही अंगांना १६० चौरस फुटांच्या खोल्या आल्या. मजल्यावर वीस खोल्या, चाळीत ऐंशी. खोल्यांचा हिशेब चोख, पण गॅलरी इमारतीच्या पोटात गेली. पॅसेजमध्ये माणसं जमली, सण झाले, दोस्त्या झाल्या, ते राहणाऱ्यांचं कर्तृत्व. वाऱ्याला मात्र तिथे यायला वाट नव्हती. पुढे १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने बाल्कनीला मजल्याच्या क्षेत्रफळाच्या दहा टक्क्यांपर्यंत एफएसआयमधून, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या हिशेबातून, सूट दिली आणि शुल्क भरून ती बंद करण्याची मुभाही दिली. हेतू चांगला असेल. पण फुकट मिळालेली जागा शुल्क भरून खोलीत ओढता येते म्हटल्यावर कोण सोडतो? बिल्डरांनी त्याच वाटेने फ्लॉवर बेड आणले. कागदावर फुलझाडांची जागा आणि ताबा मिळाल्यावर तिथे पलंग. हा खेळ थांबवण्यासाठी जानेवारी २०१२मध्ये नियम बदलले. बाल्कन्या, फ्लॉवर बेड सगळं एफएसआयमध्ये मोजायचं आणि त्याच्या बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के जादा, हवा तसा वापरता येणारा 'फंजिबल' एफएसआय.

पळवाट बुजली, पण गॅलरीची अवस्था आणखी विचित्र झाली. २०१६च्या रेरा कायद्यात कार्पेट क्षेत्राची जी व्याख्या आहे, तिच्यात सदनिकेची स्वतःची बाल्कनी, व्हरांडा आणि उघडी गच्ची वगळलेली आहे. म्हणजे बांधताना गॅलरी मोजली जाते आणि देताना मोजली जात नाही. ग्राहकाची फसवणूक टाळायला ही व्याख्या योग्यच आहे, माझा तिला विरोध नाही. पण चाळकऱ्याच्या जागी बसून बघा. बीडीडीच्या पुनर्विकासात ५०० चौरस फूट म्हणतात ते कार्पेट. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासातही घासाघीस होते ती कार्पेटवरच. सभेत वीस-पंचवीस फुटांसाठी रात्री अकरापर्यंत वाद चालतो, गॅलरीचा विषय अजेंड्यावर नसतो. गिरगावच्या चाळीतल्या भाडेकरूची जुनी गॅलरी त्याच्या मापात नव्हती, म्हणून तिचा मोबदला नाही. नवी कार्पेटमध्ये धरत नाहीत, म्हणून ती मागायचं सुचत नाही. आणि बिल्डरला तिच्यासाठी एफएसआय खर्चावा लागतो, म्हणून तो आपणहून देत नाही. शेजारच्या विक्रीच्या टॉवरची जाहिरात मात्र 'सी-व्ह्यू डेक'ने सुरू होते. चाळ पाडून घेतलेली गॅलरी त्याच प्लॉटवर इंग्रजी नावाने विकली जाते, असं मला तरी दिसतं.

आता आक्षेपांकडे येतो. सगळ्यांत वजनदार आक्षेप जागेचा. सहा माणसं एका खोलीत झोपतात, त्यांना हवेचं व्याख्यान कोणी द्यावं? हा आक्षेप मी खोटा म्हणणार नाही. पण चाळीतली गॅलरी सामाईक असते. एकाने आपल्यापुरती बंद केली की पुढच्या पाच बिऱ्हाडांची वाट जाते, आणि आग लागली तर जिन्यापर्यंत जाणारा तोच एक रस्ता असतो. शिवाय उघडी गॅलरी झोपायला, बसायला, वाळवणाला उपयोगी पडतच होती. बंद केल्यावर तिथे सहसा माणूस राहत नाही, सामान राहतं. वॉशिंग मशीन, गाद्या, गणपतीच्या मखराची लाकडं. सामानासाठी पोटमाळा आहे, माणसासाठी दुसरी गॅलरी नाही.

दुसरा आक्षेप डास आणि कबुतरांचा, आणि इथे तर माझा मुद्दाच सिद्ध होतो. या शहराचं डासांशी जुनं नातं आहे. डॉ. बेंटली यांनी १९११च्या अहवालात मुंबईतल्या हिवतापाचं खापर विहिरी आणि पाण्याच्या टाक्यांमध्ये वाढणाऱ्या ॲनॉफिलिस डासावर फोडलं होतं. विहिरी गेल्या, टाक्या राहिल्या आणि डेंग्यूचा एडिस कुंडीखालच्या ताटलीतही वाढतो. हा दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीच्या मच्छरदाणीने भागत नाही. म्हणून लोक खिडकीला जाळी लावतात आणि मग वारा अडतो अशी तक्रार करतात. तक्रार खरी आहे, जाळी वारा कापतेच. पण जाळी कुठे लावली यावर बरंच अवलंबून आहे. तीन बाय चारच्या खिडकीला लावली, तर वाऱ्याला बारा चौरस फुटांचं तोंड मिळतं, त्यातलं बरंचसं धाग्यांनी अडवलेलं. तीच जाळी दहा फुटी गॅलरीच्या बाहेरच्या कडेला कठड्यापासून छतापर्यंत लावली, तर तोंड पन्नास-साठ फुटांचं होतं आणि खोलीची दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवता येतात. निम्मा वारा अडला, तरी खिडकीपेक्षा जास्तच आत येईल. कबुतरांमुळे मुंबईने हे अर्धं मान्य केलंच आहे. दादरचा कबुतरखाना उच्च न्यायालयातल्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२५मध्ये ताडपत्री घालून बंद झाला तेव्हा केवढा गदारोळ उठला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून घरोघरी नायलॉनची जाळी लागलेली होती, भूतदयेची भाषणं देणाऱ्यांच्या घरीही. नायलॉनच्या मोठ्या भोकांच्या जाळीपासून डासांच्या बारीक जाळीपर्यंतचं अंतर फार नाही. मात्र जाळीच्या आतच पिंप आणि कुंड्यांच्या ताटल्या भरून ठेवल्या, तर डास बाहेर न राहता आत कोंडले जातील.

सुरक्षिततेचा आक्षेप उरतो. लहान मूल वर चढेल, चोर येईल. कठडा पुरेसा उंच हवा आणि त्याला आडव्या पट्ट्या नकोत, उभे गज हवेत, म्हणजे मुलाला पाय ठेवायला जागा मिळत नाही. चोरासाठी ग्रिल लावायची तर लावावी, पण तिच्यात आतून उघडणारी खिडकी हवी. कुलपाची किल्ली कपाटात ठेवून बसलेलं कुटुंब आगीत त्याच ग्रिलमागे अडकतं. आणि उघड्या जागेवर काहीही टाकून भागत नाही, हे लोअर परळच्या कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ला दिसलं. गच्चीवरच्या बेकायदा मांडवाने पेट घेतला आणि चौदा माणसं गेली. म्हणून छप्पर म्हणताना मला प्लास्टिकचा पडदा आणि बांबू अभिप्रेत नाहीत. पेट घेणार नाही असा पत्रा किंवा स्लॅबच हवा.

एक खुलासा मात्र करून टाकतो, नाहीतर हा लेख चाळीच्या आठवणींत जमा होईल. गॅलरीतल्या शेजारधर्माचं गुणगान करणाऱ्यांनी ते तिथल्या नव्या सुनेला विचारून करावं. येता-जाता प्रत्येकाची नजर घरात, कोण कधी आलं याचा हिशेब चार दारांवर, भांडण झालं की सगळ्या मजल्याला पाठ. अशा गॅलरीतून फ्लॅटमध्ये गेलेल्या बाईने दार लावून घेतलं, तर तिचं काही चुकलं नाही. मला चाळीची सामाईक वाट परत नको आहे. मला प्रत्येक घराला स्वतःची, अर्धी बाहेरची जागा हवी आहे, जिथे बसलं की रस्ता दिसेल पण खोली दिसणार नाही. दादरच्या हिंदू कॉलनीत आणि शिवाजी पार्कच्या आसपास तीस-चाळीसच्या दशकांत बांधलेल्या इमारतींना अशा गोलाकार बाल्कन्या होत्या, वर छज्जे होते. त्यांतल्या कितीतरी आज काचेआड आहेत.

तेव्हा पुनर्विकासाच्या सभेत कार्पेटच्या आकड्याखाली आणखी एक ओळ मागावी. कार्पेटखेरीज प्रत्येक सदनिकेला किमान चार फूट खोल आणि मुख्य खोलीएवढी रुंद गॅलरी. तिची फरशी खोलीपेक्षा इंच-दोन इंच खाली आणि बाहेरच्या नळाकडे उतार असलेली, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. कठड्याच्या वर सगळ्या इमारतीला एकसारखी, काढून धुता येईल अशी जाळी, तिच्यात एक झडप आतून उघडणारी. आणि ती कायम उघडीच राहील, कोणी काच किंवा वीट लावणार नाही, अशी सोसायटीच्या उपविधीत अट. यासाठी कार्पेटमधले दहा फूट सोडावे लागले, तर मी सोडायला सांगेन. सभेत त्यावरून भांडण होईल हे मला माहीत आहे, पण दरवेळी वीस फुटांवरून होतं, एकदा गॅलरीवरून होऊ दे.