सातव्या फेरीतले माझे शेरे

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडणं, तीन दिवस चालतो. गुरुवारी पहिली फेरी: सूटबूट, आईवडिलांचे अश्रू, नव्या टोपीतले फोटो. शुक्रवारी दुसरी आणि तिसरी. उरलेल्या चार फेऱ्या शनिवारी उरकतात, आणि सहावी-सातवी येईपर्यंत टीव्हीवरचे निवेदकही आळसावलेले असतात. बत्तीस संघ, अडीचशेच्या वर खेळाडू. त्यातल्या शेवटच्या पन्नास-साठ नावांत काही ऑफेन्सिव्ह लाइनमन असतात, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे उभं राहून समोरच्याला अडवणाऱ्या पाच जणांतले. डाव सुरू करायला चेंडू मागे देणारा, म्हणजे स्नॅप करणारा, सेंटर सोडला तर एरवी त्यांच्या हाताला चेंडू लागत नाही. त्यांच्या नावावर गुण चढत नाहीत. चूक झाली की मात्र पंच माइकवरून नंबर पुकारून अख्ख्या स्टेडियमला सांगतात.

असल्या मुलांची पारख करायचा नाद मला फिलाडेल्फियाजवळ राहायला आल्यावर लागला. दिवसा सॉफ्टवेअरची नोकरी, रात्री कॉलेज सामन्यांच्या फिल्म, आणि एप्रिल जवळ आला की मित्रांच्या गटाला पाठवायचे अहवाल. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त शेळ्या दीडशे किलोच्या. पहिल्या फेरीतल्या पोरांबद्दल सगळं जगच बोलत असतं, तिथे माझं चुकलं तरी चारचौघांबरोबर चुकायचं. शेवटच्या फेऱ्यांतल्या चुका मात्र खास माझ्या आहेत.

सुरुवातीला मी फुटपट्टी घेऊनच बसायचो. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये पोरांचं सगळं मोजतात: उंची, वजन, पंजा, हाताची लांबी, 40 यार्डांची धाव, 225 पौंडांचा म्हणजे 102 किलोंचा बार किती वेळा उचलला ते. लाइनच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या टॅकलचे हात 34 इंच असावेत, निदान 33 तरी, असा दंडक. त्याला कारणही आहे. ज्याचा हात लांब त्याचा पंजा समोरच्याच्या छातीवर आधी पोचतो. पण मी त्या आकड्याची पत्रिका करून टाकली होती. साडेबत्तीस दिसले की मंगळ निघाल्यासारखा कागद बाजूला. क्लीव्हलँडच्या जो थॉमसचे हात साधारण तेवढेच होते, आणि तो सलग 10,363 स्नॅप खेळला, हे ठाऊक असूनसुद्धा! तो पहिल्या फेरीतला होता, त्याची गोष्ट वेगळी, अशी मी माझी समजूत घातली.

बरं, थॉमस वेगळा म्हणावा तर आमच्या गावातच जेसन केल्सी होता. कॉलेजात शिष्यवृत्तीशिवाय रनिंग बॅक म्हणून आलेला, मग लाइनबॅकर, मग लाइनमध्ये. 2011 च्या सहाव्या फेरीत 191 व्या क्रमांकावर फिलाडेल्फियाच्या ईगल्सनी घेतला तेव्हा वजन 280 पौंडांच्या आसपास, सेंटरच्या मानाने किरकोळ. पण 40 यार्ड 4.89 सेकंदांत. समोरच्या आडदांड माणसाला जागेवरून ढकलायचं काम असेल तर तो कमी पडणार. सगळी लाइन एकाच दिशेने सरकते त्या झोन ब्लॉकिंगमध्ये मात्र तो पहिल्या माणसाला चाटून जाऊन मागच्या लाइनबॅकरपर्यंत पोचायचा. कमी वजन हा दोष कुठल्या संघात, हे विचारल्याशिवाय त्या दोषाला अर्थच नाही. रविवारी मी त्याच्यासाठी ओरडत होतो, आणि रात्री दुसऱ्या एखाद्या हलक्या सेंटरबद्दल 'वजन कमी, टिकणार नाही' असं लिहीत होतो.

2018 च्या सातव्या फेरीत 233 व्या क्रमांकावर ईगल्सनी जॉर्डन मायलाटा घेतला. ऑस्ट्रेलियाचा, रग्बी लीग खेळलेला, 6 फूट 8 इंच, 346 पौंड. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना तो खेळला नव्हता. मी लिहिलं, 'गंमत म्हणून ठीक, जागा वाया.' त्याची फुटबॉलची फिल्म नव्हती, म्हणून मी त्याला शून्य दिलं. पण रग्बीची फिल्म होती. एवढ्या देहाचा माणूस चेंडू घेऊन धावतो, दिशा बदलतो, तोल सावरतो, हे तिथे दिसत होतं, आणि टॅकलला मागे सरकताना नेमका तोच तोल लागतो. दुसरं, सातव्या फेरीची किंमत ती काय? तिथे घेतलेली बरीच पोरं ऑगस्टच्या शिबिरातूनच घरी जातात. तिथे 'बरा आहे, फार वर जाणार नाही' असा माणूस घेऊन काय मिळतं? तसे लोक ड्राफ्ट संपल्यावर फोन करूनही मिळतात. मायलाटा पहिली दोन वर्षं एकही सामना खेळला नाही, तेव्हा मी मित्रांना माझा शेरा अधूनमधून आठवून देत होतो. 2021 मध्ये 2019 च्या पहिल्या फेरीतल्या टॅकलला मागे टाकून तो लेफ्ट टॅकलच्या जागी बसला. मग मित्र मला माझा शेरा आठवून द्यायला लागले.

सेंटरच्या शेजारी खेळणाऱ्या एका गार्डबद्दलची चूक मात्र मला अजून टोचते. तो छोट्या कॉलेजचा, प्रसिद्धीपासून लांब, म्हणून नाव देत नाही.

थर्ड डाउन, लांबचं अंतर. हा डावा गार्ड. स्नॅप होताच त्याच्यासमोरचा डिफेन्सिव्ह टॅकल बाहेरच्या बाजूला, आपल्या लेफ्ट टॅकलच्या अंगावर घुसतो. त्याच वेळी कडेचा एंड त्याच्या मागून वळसा घेऊन आत येतो. याला ट्विस्ट म्हणतात. गार्ड आपल्या माणसाबरोबर बाहेर जातो, कंबर बाहेर वळलेली, उजवा पंजा अजून त्याच्या बरगडीवर. त्याच्या आणि सेंटरच्या मधून एंड मोकळाच येतो आणि क्वार्टरबॅक आडवा. गार्ड मागे वळून दोन्ही हात पसरून उभा. मी फिल्म पुन्हा पुन्हा मागे नेली आणि लिहिलं, 'ट्विस्ट दिसत नाही. नजर अडकते. सातव्या फेरीतही नको.'

आमच्या गटातल्या एकाचे सासरे हायस्कूलमध्ये वर्षानुवर्षं लाइन शिकवायचे. त्यांना सगळे कोचच म्हणतात. हा तुकडा मी मोठ्या हौसेने त्यांना दाखवला.

"गार्डकडे बघू नकोस," ते म्हणाले. "सेंटरचं डोकं बघ."

सेंटरचं डोकं उजवीकडे होतं. मग त्यांनी फिल्म पहिल्या पावलावर थांबवली. लेफ्ट टॅकल, गार्ड आणि सेंटर, तिघांचंही पहिलं पाऊल डावीकडे. म्हणजे स्लाइड डावीकडे होती आणि ज्याने त्याने आपल्या डाव्या हाताची फट सांभाळायची होती. गार्डची फट त्याच्या आणि टॅकलच्या मधली, ती त्याने सांभाळली होती. एंड आला ती फट सेंटरची. सेंटर पहिल्या पावलानंतर उजवीकडच्या माणसाला मदत करायला वळला आणि तिथेच गुंतला. मैदानावर काय ठरलं ते आपल्याला ऐकू येत नाही हे खरं, पण पाच जणांचे पाय बघितले तर बरंचसं कळतं, असं त्यांचं म्हणणं. मी दोनच पाय बघितले होते.

त्याच सामन्यात त्या गार्डने दुसरे ट्विस्ट नीट सोडवलेले कोचनी मला दाखवले. आपला माणूस खांद्याने टॅकलकडे ढकलायचा, डोळे आत ठेवायचे आणि वळसा घेऊन येणाऱ्याला छातीवर घ्यायचं. त्यातला एकही मला दिसला नव्हता, कारण तिथे काही घडलंच नाही. पास गेला, पुढचा डाव सुरू झाला. मी फिल्म थांबवायचो ती क्वार्टरबॅक पडला की. लाइनमनचं चांगलं काम म्हणजे काहीच न घडणं. ते बघायला चिकाटी लागते, आणि मी तर डावांमधला वेळ वाचावा म्हणून दीडपट वेगाने बघत होतो.

त्या मुलाला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही, यात माझ्या शेऱ्याचा अर्थातच काही हात नव्हता. सराव पथकातून वर येऊन पुढे कुणाच्या दुखापतीमुळे तो टीव्हीवर दिसला, तेव्हा मी मुकाट्याने पूर्ण सामना बघितला, साध्या वेगाने.

यातून शहाणा होण्याऐवजी मी पुढच्या वर्षी उलट्या बाजूला पडलो. समोरच्याला पाठीवर पाडतात ते पॅनकेक ब्लॉक मोजायला लागलो. छोट्या विभागातला एक दांडगा पोरगा समोरच्यांना शिट्टी वाजेपर्यंत ढकलत न्यायचा, आणि मी पुरता भुललो. समोरची पोरं त्याच्यापेक्षा वीस-पंचवीस किलोंनी हलकी होती. तो कंबरेतून वाकत होता, गुडघ्यातून नाही. तशा माणसाविरुद्ध वाकून चालतं. तोडीस तोड माणूस आला की तोच नाकावर आपटतो, आणि तो तसाच आपटला.

सगळ्यांत लाजिरवाणी चूक 2021 ची, कारण तिथे मी आधी बरोबर होतो. टेनेसीचा गार्ड ट्रे स्मिथ. फिल्मवरून मी त्याला दुसऱ्या फेरीत ठेवला होता. 2018 मध्ये त्याच्या फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, हे जगजाहीर होतं. शुक्रवार गेला, शनिवारची दुपार गेली, तरी त्याचं नाव येईना. डॉक्टरांच्या अहवालापायी संघ कचरले असणार, हे समजण्यासारखं होतं. पण मी काय केलं? त्याच्या खेळाचेच शेरे बदलले. 'पाय जड', 'मोकळ्या जागेत चुकतो.' पाय आठवड्यापूर्वी होते तेच होते. भाव पडला म्हणून मी माल वाईट ठरवला. कॅन्सस सिटी चीफ्सनी त्याला सहाव्या फेरीत 226 व्या क्रमांकावर उचलला आणि पहिल्याच वर्षी नियमित हंगामाचे सतराही सामने त्याने सुरुवातीपासून खेळले. 2023 च्या फेब्रुवारीत ॲरिझोनात सुपर बोल झाला, चीफ्सनी ईगल्सना 38-35 हरवलं. त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या दहा लाइनमनमध्ये केल्सी, मायलाटा आणि स्मिथ होते, शिवाय ड्राफ्टच न झालेला अँड्रू वायली. बाकीचे पहिल्या तीन फेऱ्यांतलेच, म्हणजे ड्राफ्ट हा निव्वळ जुगार आहे असं काही मी म्हणणार नाही. पण माझ्या घरी त्या रात्री ईगल्सच्या हरण्यापेक्षा जास्त चेष्टा माझ्या वहीची झाली.

हल्ली माझ्याकडून होते ती चूक जरा सभ्य दिसते. आखूड हातांचा कॉलेज टॅकल आला की मी लिहितो, 'गार्ड होईल.' मागच्या वेळी हे वाचून कोचनी विचारलं, "उजवा की डावा?" मी विचारच केला नव्हता. इतकी वर्षं डावीकडे खेळलेल्याला उजवीकडे नेलं की मागचा पाय बदलतो, आधी जाणारा हात बदलतो. "आणि सेंटर?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. सामन्याच्या दिवशी संघ साधारण आठच लाइनमन उतरवतात, म्हणजे पाच खेळणारे आणि तीन राखीव. त्या तिघांत शिरायचं तर शेवटच्या फेरीतल्या माणसाला आतल्या तिन्ही जागा यायला हव्यात, स्नॅपसकट.

मी त्या मुलाच्या सरावाची फिल्म शोधून काढली. प्रशिक्षकांनी त्याला थोडा वेळ सेंटरला उभं केलं होतं. चेंडू एकदा क्वार्टरबॅकच्या गुडघ्याशी गेला, एकदा डोक्यावरून, मग चार नीट छातीवर. 'गार्ड होईल' खोडून मी तेवढंच लिहिलं आणि अहवाल कोचना परत पाठवला. त्यांचं उत्तर आलं ते असं, की नीट गेलेल्या चार वेळा समोर कुणी उभं होतं का ते लिहायचं राहिलंय.